बिनदांडीची सायकल
नवरा रेल्वेत, म्हणून मालनबाईंना गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. पण जयपुरात शास्त्रीनगरहून झोटवाड्याला जाणाऱ्या सिटी बसला वेळ असेल तर पाठ करणार ना.

ही २००४ सालची गोष्ट. झोटवाड्यातल्या शिलाई कारखान्यात कॉलर बसवायचं काम त्यांना मिळून दोन महिने झाले होते. नवऱ्याच्या बदल्यांमागे सोलापूर सोडून चार गावं पालथी घातल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी हे त्यांचं पहिलं स्वतःचं काम. त्याचा त्यांना भारी अभिमान; कोणी विचारायचा अवकाश, कॉलरचं पुराण सुरू. पण कारखान्याचं फाटक ठीक नऊला बंद होई. बसच्या कृपेने दोनदा उशीर झालेला. तिसऱ्यांदा झाला की नाव कमी, असं मुकादमाने स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणून सायकल. लहानपणी सोलापुरात तासाच्या भाड्याने घेऊन त्या शिकल्या होत्या.

"मतलब, आई, तू खरंच रोडवर चालवणार?" उत्कर्षाने विचारलं. लेक जयपुरात वाढलेली.

"रोडवर नाही तर काय गच्चीवर?"

रविवारी मालनबाईंचे यजमान ज्ञानोबा सायकलच्या दुकानात आले ते पिशवीत हातोडी घेऊन. रेल्वेच्या डब्यांची चाकं ठोकून आवाजावरून तडा ओळखण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली. घरातलं पातेलंही या परीक्षेतून सुटलं नव्हतं. ते एकेका सायकलीचं चाक ठोकत आणि कान लावून ऐकत. दुकानदार अरुणजींनी कपाळाला हात लावला.

"भाई साहब, साइकिल है, मालगाड़ी नहीं."

अखेर दूधवाल्यांची असते तसली काळी, उंच, मधे दांडी असलेली सायकल पास झाली. "ही घ्यायची. खणखणीत हाय. लेकीच्या लेकीला पुरंल."

"आन् तवर मी काय करू?" मालनबाई म्हणाल्या. "साडीत त्या दांडीवरनं पाय कसा टाकू? चालवणार कोण, तुमी का मी?"

चढणाऱ्याचा विचार ज्ञानोबांच्या परीक्षेत कधी आलाच नव्हता. डबे काही साडी नेसून कोणी चालवत नाही.

मालनबाईंनी बिनदांडीची, बुटकी, जाळी लावलेली लेडीज सायकल ओढली. बसल्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले. दुकानापुढे दोन फेऱ्या मारल्या. पहिलीत हँडल लटपटलं, दुसरीत नाही. ज्ञानोबांनी राहवेना म्हणून तिचंही चाक ठोकलं.

"आवाज बसका हाय."

"आसू द्या. मला तिच्यावर बसायचंय, तिचं गाणं नाही ऐकायचं."

सोमवारी त्या निघाल्या. मागून जीपने हॉर्न दिला तशी एकदा त्या नालीकडे गेल्या. पुलाच्या चढावर दम संपला. मग लाज न धरता उतरल्या, ढकलत वर गेल्या आणि उतारावर पुन्हा बसल्या. रोजच्या थांब्यावर तीच माणसं माना वाकड्या करून बसची वाट बघत उभी होती. मालनबाईंना त्यांची कीव आली आणि स्वतःचं हसू.

कारखान्याशी आल्या तर फाटक बंद. एवढं करूनही उशीर झाला की काय? तेवढ्यात चौकीदार दशरथजी किल्ल्यांचा जुडगा घेऊन जांभया देत आले.

"अभी तो खुला ही नहीं, बहनजी. आज बस जल्दी आ गई?"

"बस का पता नहीं, भैया," मालनबाई घाम पुसत म्हणाल्या. "मैं आ गई."