आमच्या व्याह्यांच्या गाडीचे तीन श्वास

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत, असं आमच्या व्याह्यांचं ठाम मत आहे. एक, ज्यांच्या गाडीत पिस्टन असतात ते, म्हणजे तुम्ही, मी आणि झाडून सगळी मनुष्यजात; आणि दुसरे ते स्वतः. पिस्टनवाल्यांचा त्यांना राग नाही, फक्त कीव येते. "बिचारा पिस्टन! जल्मभर वर-खाली, वर-खाली. हापिसातल्या मानसासारखा," असं ते म्हणतात. माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे हा टोला कुणाला आहे ते मला बरोबर कळतं. पण मुलीचा बाप पडलो, तेव्हा हसतो.

त्यांची माझी पहिली भेट मुलीच्या लग्नाच्या बोलणीची. आम्ही एव्हरशाईन सिटीतले फ्लॅटवाले, मूळचे राजापूरकडचे. ते सांडोरचे जुने वाडीवाले, केळीचे बागाईतदार. मी कडक इस्त्रीचा सदरा घालून, मानपानाचा विषय कसा काढावा या काळजीत बसलो होतो. तेवढ्यात समोसे आले. त्यांनी त्यातला एक उचलला, लांबट बशीत ठेवला आणि बोटानं गोल फिरवायला सुरुवात केली. "हे बघा व्याहीबुवा," ते म्हणाले. अजून काहीच ठरलं नव्हतं, पण ते 'व्याहीबुवा' म्हणून मोकळे झाले. "हा समोसा म्हनजे माझ्या गाडीतला रोटर. फिरतो, पन तिन्ही टोकं कायम कडेला घासून पायजेत. मग तीन खोल्या होतात. एकीत पेट्रोल येतं, एकीत दाबलं जातं, एकीत पेटतं. आनि टोकाची पट्टी झिजली की खेळ खलास." अर्धा तास समोसा फिरला. बशीत नुसता बटाटा उरला, तेव्हा मी धीर करून देण्याघेण्याचं विचारलं. "द्यायचं काय? मुलगी द्या," ते म्हणाले, "आनि महिन्यातनं एक रविवार तुमी या." केवढा दिलदार माणूस, असं मला वाटलं. तो रविवार गाडीखाली आडवं होऊन बॅटरी धरण्याचा आहे, हे लग्न लागल्यानंतर समजलं.

गाडी जपानी, लालभडक, दोन माणसांची आणि मांजरासारखी जमिनीला चिकटलेली. तरुणपणी ते मस्कतला एका गॅरेजात होते. तिथल्या कुणा हौशी माणसानं इंजिन जाम झालं म्हणून ती भंगारात काढली, यांनी ती घेतली, खोलली, जुळवली आणि बोटीनं घरी आणली. माणसं आखातातून सोनं आणत, यांनी ही आणली. तिला गोठ्यात जागा करायला तिथली म्हैस मेव्हण्याकडे धाडण्यात आली. विहीणबाई अजून त्या म्हशीची आठवण काढतात, आणि ती काढताना गाडीकडे बघतात. गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला. त्यामुळे मी शेजारी बसलो की लोकांना मीच गाडी चालवतोय असं वाटतं. एकदा हवालदारानं माझ्याकडे लायसन मागितलं. मी दोन्ही हात वर करून माझ्यासमोर स्टिअरिंग नसल्याचं दाखवलं, तर तो आणखीच घाबरला. त्यात तिचे दिवे पापण्यांसारखे बॉनेटमधून वर येतात. त्यातला डावा जरा सुस्त आहे, उशिरा उठतो. रविवारी मिस्सा सुटायच्या वेळी चर्चसमोर एकदा दिवे लावले आणि आमच्या गाडीनं बाहेर पडणाऱ्या समस्त बायकांना डोळा मारला. ड्रायव्हरच्या जागी, लोकांच्या हिशेबानं, मी होतो.

या इंजिनाची एक खोड आहे. ते गार असताना चालू करून लगेच बंद केलं, तर आत पेट्रोल तुंबतं आणि मग ते काही केल्या पेटत नाही. म्हणजे एकदा किल्ली फिरवली की गाडी तापेपर्यंत फिरवून आणणं आलं. आमच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी केटररचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी अडकला. कुणीतरी व्याह्यांना म्हणालं, गाडी जरा चार हात मागे घ्या. ते सिल्कचा झब्बा घालून गाडीत बसले, चार हात मागे गेले आणि दिसेनासे झाले. भटजी घड्याळ बघताहेत, माझी बायको माझ्याकडे बघतेय, आणि नवऱ्या मुलाचा बाप बेपत्ता! आमच्या बाजूची मंडळी तर 'काही बिनसलं का' म्हणून कुजबुजायला लागली. तासाभरानं स्वारी उगवली, भुईगावच्या किनाऱ्याची वाळू चपलांना लागलेली. "तापली," एवढंच म्हणाले आणि पाटावर बसले.

त्यांचा दुसरा सिद्धान्त असा की ही गाडी हळू चालवली की आजारी पडते. रोज एकदा तरी तिला खच्चून पळवायचं, काटा लाल रेघेला टेकवायचा, म्हणजे आतली काजळी जळून जाते. तिला ऑइल लागतं, तेही ती मुद्दाम जाळते. तिच्या बांधणीतच ते आहे. "पिते, पन लपून पीत नाय," हे त्यावरचं त्यांचं समर्थन. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी बागेत सावकाश फेऱ्या मारतो, हे कळल्यावर त्यांनी मला गंभीरपणे बाजूला घेतलं. "व्याहीबुवा, तुमी फार हळू जगता. काजळी धरंल," ते म्हणाले. रक्तदाबाच्या डॉक्टरनंही मला इतक्या कळकळीनं कधी सांगितलं नव्हतं.

पण या माणसाचं खरं वैभव म्हणजे त्यांचा कान. पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली असते. दसऱ्याच्या आधी ते तिची तपासणी करतात. इंजिनाला रोटर दोन, त्या दोघांचे प्लग काढायचे, पेट्रोल तोडायचं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून नुसता स्टार्टर फिरवायचा. मग प्लगच्या भोकातून हवा बाहेर पडते: फस्, फस्, फस्. रोटरच्या तीन बाजू, तीन श्वास. तिन्ही सारखे आले तर इंजिन ठणठणीत, एखादा लंगडला तर आतली पट्टी गेली. ते डोळे मिटून, मान कलती करून ऐकायचे आणि म्हणायचे, "तिन्ही सारखे." मग आम्हाला केळीच्या पानावर शिरा मिळायचा. एका रोटरपुरता पट्ट्यांचा एकच शेवटचा संच त्यांनी देवघरात लाल कापडात बांधून ठेवला आहे. तो वापरायची वेळ येऊ नये, अशी देवाला रोजची विनंती असते.

गेल्या दसऱ्याआधी विहीणबाईंचा फोन आला. "या तुमी. हे जेवत नायत." मी पोचलो तेव्हा व्याही गोठ्यात केळीच्या क्रेटवर बसले होते. "श्वास गेला तिचा," ते म्हणाले. एक नव्हे, तिन्ही श्वास मंद झालेत. दोन्ही रोटरांचं एवढं सगळं एकदम झिजलं, तर एका संचानं काय होणार? पुण्याचा एक माणूस गाडी सुट्या भागांसाठी न्यायला तयार होता. तो दसरा झाला की येणार होता. मला त्यांनी शेवटचं भेटायला बोलावलं आहे, अशा सुरात ते बोलत होते. या माणसाला मी इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर विहीणबाई भांडी जोरात आपटत होत्या. "आयकता?" त्या म्हणाल्या. "इतकं आपटते, पन वळून बघत नायत. दाराची बेल आयकू येत नाय, कुकर आयकू येत नाय. गाडीला काय धाड भरलीय? ह्यांचे कान गेलेत."

"मग सांगा की त्यांना."

"मी सांगितलं तर 'तुला म्हशीचा राग हाय' म्हनतात. तुमी सांगा. तुमचं मानतात."

आता आली पंचाईत. मुलीच्या बापानं व्याह्याला तोंडावर 'तुम्ही बहिरे झालात' असं सांगायचं? आमच्या राजापुरात एवढ्यावरून माणसं जन्मभर एकमेकांच्या दारात गेली नाहीत. मी चहाचा कप घेऊन गोठ्याच्या दारात उभा राहिलो. व्याही बोटांनी एक जुना प्लग उगीच फिरवत होते. त्याच बोटांनी ते पट्टीची केसाएवढी झीज ओळखतात, हे मी किती रविवार पाहिलं होतं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

"जाताजाता एकदा फिरवू या," मी त्यांच्या जवळ जाऊन म्हटलं. किल्ली फिरवायला विहीणबाईंना बसवलं. म्हैस गेल्यापासून त्या गाडीत पहिल्यांदाच बसल्या होत्या, आणि पदर आवरून दुसऱ्याच्या घरी आल्यासारख्या बसल्या. व्याही सवयीनं कान कलता करणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला आणि तळवा प्लगच्या भोकासमोर नेला. "आज असं बघा."

विहीणबाईंनी किल्ली फिरवली. मला स्वच्छ ऐकू आलं: फस्, फस्, फस्. व्याह्यांच्या कपाळावर आठी पडली. "परत," ते म्हणाले. परत फिरवली. मग दुसऱ्या रोटरचं भोक. तिथेही तसंच. त्यांनी हात मागे घेतला, तळव्याकडे बघितलं आणि पुन्हा क्रेटवर बसले.

"तिन्ही सारखे हायत," ते म्हणाले.

मी गार झालेला चहा त्यांच्यापुढे केला.

"म्हनजे गेलंय ते हिचं नाय."

गाडीतून विहीणबाई म्हणाल्या, "मी कवापासून तेच सांगतेय!"

"काय?" व्याही म्हणाले.

आणि मग तिघंही जे हसत सुटलो ते थांबेचना. विहीणबाईंचा हात हॉर्नवर पडला, तसे बागेतले कावळे उडाले. हसताना व्याह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसताना काळं ऑइल गालाला लागलं, पण ते त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. पुण्याच्या माणसाला त्यांनी स्वतः फोन केला. इतक्या मोठ्यानं बोलले, की फोन नसता तरी त्याला पुण्यात ऐकू गेलं असतं. दसऱ्याला गाडीला झेंडूचं तोरण लागलं आणि शिराही झाला.

आता त्यांच्याकडे कानाचं यंत्र आहे. घरी लावतात, कारण विहीणबाईंचा तसा हुकूम आहे. गाडीत बसताना मात्र काढून डॅशबोर्डवर ठेवतात. त्यातून गाडीचा आवाज परका वाटतो, म्हणतात. ओळखीचं कुणी फोनवर बोलावं तसा. रविवारी आम्ही सांडोरहून निघतो, मोकळा रस्ता लागला की ते काटा लाल रेघेपर्यंत नेतात, माझी टोपी मी दोन्ही हातांनी धरतो, आणि त्या सगळ्या गोंगाटात ते हळूच माझ्याकडे बघतात. तोंडानं विचारत नाहीत. मी तीन बोटं वर करतो.

खरं सांगायचं तर इंजिन एवढं पळत असताना ते तीन श्वास वेगळे कुणालाच ऐकू येत नाहीत, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी ते दर वेळी बघतात, आणि मी दर वेळी तीन बोटं दाखवतो. मग ते समाधानानं मान हलवतात आणि रस्त्याकडे बघून गाडी आणखी जोरात सोडतात.