ॲपने ऐकलेला माझा बदललेला आवाज

"रिलॅप्सची सुरुवात दिसते आहे," डॉक्टर म्हणाल्या. रिलॅप्स म्हणजे बरा झालेला आजार उलटणं. माझा आजार डिप्रेशन.

मी मार्केट यार्डात कांद्याची आडत चालवतो. मागच्या खेपेला या आजाराने मला गाळा बंद ठेवायला लावला होता. मरणाचे विचार येऊ लागले, तेव्हा वंदनाने, माझ्या बायकोने, मला डॉक्टरांकडे नेलं. औषधांनी हळूहळू बरा झालो. मग डॉक्टरांनी मला विचारून फोनमध्ये एक ॲप टाकलं. रोज सकाळी त्यात कालच्या दिवसाबद्दल आणि रात्रीच्या झोपेबद्दल थोडं बोलायचं. त्यातलं एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, माझ्या बोलण्याचा वेग, आवाजातला चढउतार आणि झोप माझ्या चांगल्या दिवसांशी ताडून बघायचं. फरक वाढला की डॉक्टरांना कळवायचं.

एके दिवशी गाळ्यावर दवाखान्याचा फोन आला. "जरा भेटून जाता का? ॲपकडून सूचना आली आहे."

मी जेवत होतो, कामावर जात होतो. मग ॲपला काय दिसलं? भेटीच्या दिवसापर्यंत मी स्वतःवरच पाळत ठेवली. लिलावात आवाज पडतोय का? आत्ता हसलो ते मनापासून हसलो का? या सूचनेनेच आजारी पडतोय की काय, अशी धास्ती बसली.

दवाखान्याच्या बाकावर वंदना पर्सचा पट्टा पिळत बसली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

आत गेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, कांद्याचे भाव बघून कुणाचाही आवाज उतरेल."

"शक्य आहे," त्या म्हणाल्या. "ॲप चुकतंही. ते निदान करत नाही, फक्त भेटा म्हणतं. ताई, तुम्हाला काय वाटतं?"

वंदना खाली बघत म्हणाली, "हे आंघोळीला टाळाटाळ करतात. मुलीचा फोन आला की माझ्या हातात देतात. मला दिसत होतं हो. पण विचारलं आणि ते खरंच निघालं तर? म्हणून गप्प राहिले."

मी त्याला दमणूक म्हणत होतो. डॉक्टरांनी आणखी बरेच प्रश्न विचारले आणि मगच निदान सांगितलं.

औषधाचा डोस बदलला, समुपदेशन पुन्हा सुरू झालं. पुढचे काही आठवडे भीतीतच गेले. पण या वेळी गाळा बंद ठेवावा लागला नाही. मुलीशी मी पुन्हा स्वतः बोलू लागलो.

तुमच्या घरी कुणी यातून गेलं असेल, तर सूचनेची वाट बघू नका. काही वेगळं दिसलं की विचारा. ॲपचे मी आभार मानतो, पण त्याच्यामुळे आम्ही दोघं एकमेकांशी बोललो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

परवा वंदनाने चहा देताना विचारलं, "आज कसं वाटतंय?"

"जड वाटतंय," मी म्हणालो.

ती शेजारी बसली. "बरं, मग आज मीही येते यार्डात."