सुमनताईंच्या सिनेमाच्या प्लेटा

सुमनताई कुणाच्याही घरी गेल्या की चहाची बशी आधी उलटी करून पाहायच्या. कप खाली ठेवायच्या, बशीच्या पाठीवरचा शिक्का वाचायच्या, कडेवरून नख फिरवायच्या आणि मगच चहा प्यायच्या. माझ्या बायकोला पहिल्यांदा ते लागलं होतं. बशी नीट धुतलेली नाही असं यांना वाटतंय की काय, असं तिला वाटलं. नंतर तिलाही सवय झाली.

जालन्यात त्या आमच्या शेजारी राहायच्या. एका टॉकीजमध्ये बायकांच्या तिकीट-खिडकीवर त्यांची हयात गेली. लग्न केलं नाही. भाऊ वारल्यावर घरात त्या आणि भावजय शांतावहिनी, दोघीच उरल्या. एखादा सिनेमा पंचवीस आठवडे चालला की त्या काळी टॉकीजच्या लोकांना चिनी मातीची प्लेट मिळायची. पुढे सिनेमातलं चित्र, कडेला सोनेरी रेघ, मागे टॉकीजचं नाव. बाकीच्यांनी त्यांत भजी खाल्ली. ताईंनी त्या भिंतीवर लावल्या आणि परतूर, जाफराबादकडच्या ओळखीच्यांकडूनही मागून आणल्या.

पुढे अशा प्लेटांना भाव आला आणि लोक ताईंकडे पारखायला येऊ लागले. मी नोकरीहून, बदनापूरच्या गाडीने, थकून परतायचो तेव्हा त्यांच्या ओट्यावर कुणीतरी पिशवी घेऊन बसलेलं असायचंच. ताई प्लेट हातात घेऊन म्हणायच्या, "तोंड काय पाहून राह्यले? पाठ पाहा." खऱ्या प्लेटचं चित्र चकाकीच्या खाली असतं, त्यावर नख अडत नाही. नकलेवर ते वरून चिकटवलेलं असतं, कडेला नख अडतं. शिवाय खऱ्या प्लेटच्या बुडाची कड वापराने पिवळी पडलेली असते. राखेने घासून सोनेरी रेघ गेली असेल तर निम्मा भाव गेलाच. बहुतेकांची प्लेट नकली निघायची आणि ते ताईंवरच रागावून जायचे. मग त्या गुडघे चोळत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "समद्यांला आपलीच खरी पाह्यजे. खोटी म्हणून म्हणून जीव थकला, भाऊ."

टॉकीज बंद पडली तेव्हा ताईंनी प्लेटा विकायचं ठरवलं. औरंगाबादहून एक व्यापारी आला. मीही तिथे होतो. त्याने भिंत नीट न्याहाळली आणि बैलगाडीत बसलेल्या नायिकेच्या प्लेटपाशी थांबला. बाकी सगळ्यांचे मिळून जेवढे होतील त्याहून जास्त पैसे तो त्या एकीचे द्यायला तयार होता. शांतावहिनी कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

ताई म्हणाल्या, "ती इकायची न्हाई."

व्यापाऱ्याने भाव वाढवला. प्लेट खाली काढून निदान बघू तरी द्या, म्हणाला. ताईंनी तेही करू दिलं नाही. "एकदा सांगितलं न. ती घरची हाय." तो इतर चार घेऊन गेला.

त्याला सोडायला मी नाक्यापर्यंत गेलो. परतलो तर ताई ओट्यावर एकट्याच होत्या. गुडघ्यांच्या इलाजाला पैसे लागत होते, हे मला ठाऊक होतं, म्हणून ती का विकली नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं. त्यांनी आवाज खाली घेतला. खरी प्लेट कधीच फुटली होती. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींच्या हातून पडली असावी. वहिनींनी जत्रेतून तशीच नकली आणून गुपचूप लावली होती, आणि दुसऱ्याच दिवशी ताईंच्या नखाला ती कळली होती. "इकली असती तर मी लबाड," त्या म्हणाल्या, "अन् बोलले असते तर तिला चारचौघांत मान खाली घालावी लागली असती. तिच्याच हातचं खाते मी. जाऊ द्या."

ताई गेल्या त्या हिवाळ्यात. तेराव्यानंतर शांतावहिनींनी मला बोलावलं आणि उरलेल्या प्लेटा विकून द्यायला सांगितलं. मी एकेक कागदात गुंडाळत होतो. बैलगाडीवाली हातात आली तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. ताईला ठावं होतं का?"

खोटं बोलावं असं मनात आलं, पण ताईंच्या घरात ते जमलं नाही. होतं, म्हणालो. तुम्ही लावलीत त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून.

वहिनी खाली बसल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती लोकांच्या प्लेटा उलट्या करायची अन् मी आत चुलीपाशी भीत बसायचे. एवढी वर्सं. एक बार बोलली असती तर मी सुटले असते, भाऊजी. तीबी सुटली असती."

मी ती प्लेट गुंडाळली नाही. वहिनींच्या मांडीवर ठेवली आणि दुसरी उचलली.