लेकरू कुणाच्या गावचं

विमलताई खिल्लारे कुणाच्याही घरात शिरल्या की आधी वर बघायच्या. घरचे "या, बसा" म्हणत असायचे, कुणी घोंगडी झटकून अंथरत असायचं, आणि ताईंचं तोंड आपलं आढ्याकडे. बाई आरोग्याची पाहणी करायला आल्यात की घर विकत घ्यायला, असं वाटावं. पहिल्या दिवशी मला वाटलं, पाल अंगावर पडेल म्हणून भितात. बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, "लेकराच्या झोळीची दोरी बघते. माणसं इसरतात, आढं इसरत न्हाई."

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कळमनुरी तालुक्यातल्या काही गावांत एक संस्था माता-बालकांसाठी कार्यक्रम चालवायची. संस्थेची नर्सबाई घरोघर जायची, गरोदर बायांचं वजन करायची, लोहाच्या गोळ्या द्यायची. या सगळ्याचा खरंच काही उपयोग होतो का, हे तपासायचं काम आमच्याकडे होतं. कार्यक्रमाची गावं आणि कार्यक्रम नसलेली गावं, दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे. कार्यक्रमाच्या गावांत लेकरं कमी दगावली असतील, तर कार्यक्रम सगळ्या तालुक्याला लागू होणार होता. मुख्य संशोधक साहेब पुण्याला बसायचे, विमलताई इथं पर्यवेक्षक, आणि घरोघर हिंडायला आम्ही चार-पाच पोरी. मी बी.ए. झालेली, आखाडा बाळापूरची नवी सून आणि पाचवा महिना लागलेली. ताईंनी मला जीपमध्ये पुढची जागा दिली आणि म्हणाल्या, "ही काही मेहेरबानी न्हाई. माघं बसून ओकशील अन फारम खराब करशील."

ताई समाजकार्याची पदवी घेतलेल्या, पण बोलायला लागल्या की औंढ्याच्या बाजारात बसल्यासारख्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, पिशवीत अडकित्ता. जीप सुरू झाली की तोंड उघडं टाकून झोपायच्या आणि गाव आलं की कुणी न उठवता जाग्या व्हायच्या. फॉर्म पुरा झाल्याशिवाय कुणाच्या घरी चहा घ्यायच्या नाहीत. "चहा पिलं की माणूस मिंधं होतं. मिंध्याला खरं इचारता येत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फॉर्म झाला की मात्र दोन कप प्यायच्या, आणि साखर कमी पडली तर तसं सांगायच्या.

प्रशिक्षणात आम्ही एकमेकींवर प्रश्नांचा सराव करायचो. माझ्या वाट्याला ताई आल्या. "तुम्हाला एकूण किती लेकरं झाली?" मी विचारलं. माझं वाक्य संपायच्या आत त्या म्हणाल्या, "दोन. दोन्ही जिवंत. पुढं चल." मग उगाच घड्याळाला चावी देत बसल्या. चावी सकाळीच दिलेली मी पाहिली होती.

तुरी निघाल्याच्या दिवसांतली गोष्ट. कार्यक्रम नसलेल्या एका गावात एक म्हातारी ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. बोलकी, हसरी बाई. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं भराभर दिली. घरात वर्षभरात कुणी दगावलं का, तर न्हाई. मी पुढचं पान उलटणार, तेवढ्यात ताईंनी माझा हात धरला. त्या वर बघत होत्या. आढ्याला नवीकोरी दोरी होती, गुंडाळून वर खोचलेली. आणि घरात लहान मूल दिसत नव्हतं.

"दोरी कुणाची हो माय?" ताईंनी विचारलं.

"लेकीची. पंचमीला आलती, बाळंतपणाला."

"मंग कुठंय ती?"

"गेली की सासरी."

"अन लेकरू?"

म्हातारीनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "ते राह्यलं न्हाई."

"आता तर म्हणलात, घरात कुणी गेलं न्हाई."

"आमच्या घरचं कुठं गेलं, बाई? ते लोकाचं लेकरू व्हतं." तिनं हे खोटं लपवल्यासारखं म्हटलं नाही. तुम्हाला एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं ती आमच्याकडे बघत होती.

लेकीचं सासर जवळच होतं, आणि ते गाव कार्यक्रमातलं. ताईंनी जीप तिकडे वळवायला सांगितली. सासूनं आमच्यासाठी बाज टाकली. "आमच्यात कोणी मेलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "सून रिकामी आली म्हायेराहून, येवढंच. आमी तर त्याचं तोंड बी बघितलं न्हाई. तिकडचं तिकडंच झालं." सून दारात उभी होती. तिनं पदर छातीवर घट्ट ओढून धरला होता, तरी चोळी ओली झालेली दिसत होती. तिनं माझ्या पोटाकडे बघितलं आणि आत निघून गेली. ताईंनी दंड धरून मला जीपपर्यंत नेलं.

त्या दिवशी ताई जीपमध्ये झोपल्या नाहीत. कळमनुरी आल्यावर म्हणाल्या, "म्हायेरचे म्हणतात लोकाचं. सासरचे म्हणतात तिकडचं. मंग लेकरू कुणाच्या गावचं?"

आमच्या फॉर्ममध्ये या प्रश्नाला जागा नव्हती. सासरी नांदणारी ती घरची, माहेरी आलेली ती पाहुणी, आणि पाहुणीचं काही मोजायचं नाही, असा नियम होता; सासरी विचारलं, तर तिथं कुणी दगावलेलंच नसायचं. त्यानंतर ताई प्रत्येक घरात फॉर्म संपल्यावर स्वतःच विचारू लागल्या, लेक आली होती का, सून गेली होती का. जिथं विचारावं तिथून एखादं तरी निघायचं. मलाही वर बघायची सवय लागली. दोऱ्या दिसायच्या, दोरीनं झिजलेली लाकडं दिसायची, आणि मी हात पोटावर ठेवायची.

याहून वाईट गोष्ट नंतर ताईंच्या लक्षात आली. नर्सबाई गरोदर बाईला सांगायची, जड काम करू नका, आराम करा. सासरी आराम कुठला? मग घरचे म्हणायचे, जाऊ द्या हिला म्हायेरी लौकर. नर्सबाईच्या शब्दाला जितका मान, तितक्या बाया लवकर माहेरी. बाई शिवेबाहेर गेली की नर्सबाईची फेरी बंद, कारण तिची गावं ठरलेली. "म्हणून या गावांत मरण दिसत न्हाई, रेखा," ताई म्हणाल्या. "मरण बाहेरगावी धाडून राहिले हे." आमच्या बाळापूरच्या गल्लीतही तीच नर्सबाई यायची. माझ्या सासूबाईंनी माझी पिशवी भरायला घेतली होती.

साहेब हिंगोलीला आले तेव्हा ताईंनी सगळं मांडलं. साहेब भला माणूस. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "विमलताई, तुमचं खोटं नाही," ते म्हणाले. "पण पाहणीच्या पहिल्या फेरीत, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, आपण हे विचारलंच नव्हतं. आता विचारलं तर तुलना कशाशी करायची?"

"तुलनेचं ऱ्हाऊ द्या साहेब. ती लेकरं कुठं मांडू ते सांगा."

साहेब म्हणाले, "अहवालाच्या मागे एक टिपण जोडू." पुस्तकाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

सातव्यात मी माहेरी गेले. सेनगावच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आमची धनगरांची वाडी. वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन बाहेर गेलेले, घरात आई एकटी. जाताना ताई म्हणाल्या, "जाऊ नको म्हणत न्हाई. आईची याद कुणाला येत न्हाई? पण मी येऊन बघीन." मी पहिल्या दिवशी बाजेवर पडले आणि वर बघितलं. आढ्याला दोरीनं झिजून खाच पडली होती. "कुणाची गं ही?" मी आईला विचारलं. आई चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "तुझी. अन तुझ्या आत्याच्या लेकराची." आत्याला मूलबाळ नाही, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते.

ताई आल्या त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, तोंड सुजलेलं. आई म्हणत होती, नजर लागली. ताई बाजाराच्या जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढे चालत आल्या होत्या, चपला हातात. आत आल्या आणि पहिल्यांदाच वर बघितलं नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. नडगीवर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरून येईना.

"ऊठ. दवाखान्यात जायचं."

आई आडवी आली. "असं कसं न्हेता? ती आता त्यांची हाय. त्यांना इचारल्याबिगर न्हेलं अन काही झालं, तर मी काय तोंड दाखवू? बाळापूरला सांगावा धाडते. उंद्या कोणी येईल."

आई दुष्ट नव्हती. माझ्यावर जीव टाकणारी बाई ती. पण लेक म्हणजे दुसऱ्याची ठेव, आणि ठेवीला न विचारता हात लावायचा नाही, हेच तिला शिकवलेलं. त्या सगळ्या दोऱ्या कशा रिकाम्या झाल्या असतील, ते मला त्या क्षणी कळलं.

"माय, सांगावा जरूर धाडा," ताई शांतपणे म्हणाल्या. "सासरचे थांबतील, ही बी थांबल. पोटातलं थांबणार न्हाई. दोष माझ्यावर घाला."

आईनं ताईंच्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं तिला, कोण जाणे, पण ती दारातून बाजूला झाली. दोघींनी धरून मला फाट्यावर आणलं, परतीच्या जीपमध्ये आडवं घातलं, आणि आईही बरोबर चढली. सेनगाव मागे पडलं तेव्हा माझे हातपाय ताठ व्हायला लागले, आणि पुढचं मला आठवत नाही. आईनं नंतर सांगितलं, हिंगोलीच्या दवाखान्यात सही करायला ताई पुढं झाल्या, नातं विचारलं, तर म्हणाल्या, "लिवा काय बी, पण आधी तिला आत घ्या." मी शुद्धीवर आले तेव्हा शेजारी माझी पोरगी होती, मुठी आवळून झोपलेली.

अहवाल आला. कार्यक्रमाच्या गावांत बालमृत्यू घटले, असं त्यात होतं, आणि ताईंचं टिपण बारीक अक्षरांत शेवटी. कार्यक्रम साऱ्या तालुक्याला लागू झाला. पाहणीच्या पुढच्या फेरीला ताईंना बोलावणं आलं नाही. त्यांनी कुरकुर केली नाही, पण एसटीत कुणी गरोदर बाई दिसली की सरकून शेजारी बसायच्या आणि विचारायच्या, "म्हायेरी चाललीस का सासरी?"

काही वर्षांनी ताई गेल्या. हिंगोलीला पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात बोलणारे म्हणाले, त्यांना दोनच मुलं. मी मागच्या ओळीत बसून रडत होते. बोलणाऱ्यांची चूक नव्हती. त्यांना ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं ते आमच्या शेवटच्या भेटीमुळे. साखरेच्या आजारानं ताईंचे पाय गेले होते, त्या खाटेवरच असायच्या. मी तेव्हा दुसऱ्या एका पाहणीत पर्यवेक्षक होते. माझ्या खांद्यावरची पिशवी बघून म्हणाल्या, "फारम काढ."

"ताई, तुमचं वय बसत नाही यात."

"काढ म्हणते ना. अन बराबर इचार, गाळू नको."

मी विचारत गेले. गाव, शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय. मग म्हटलं, "एकूण किती लेकरं झाली?"

"तीन."

माझा पेन थांबला. ताई खिडकीकडे बघत बोलल्या, "पहिली पोरगी. म्हायेरी झाली. बारसं व्हायच्या आधी गेली. सासरच्यांनी बघितली न्हाई. माझा बाप म्हणला, रडू नको, लोकाचं व्हतं. मंग म्या बी कुणाला सांगितलं न्हाई."

मी तीनचा आकडा घातला. आणि इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाच्या गावचं लिहू, ताई?"

ताईंनी वर बघितलं. सिमेंटचं छत होतं, आढं नव्हतं, दोरी बांधायला कडीसुद्धा नव्हती. तरी त्या बघत राहिल्या.

"माझं लिव्ह," त्या म्हणाल्या.