जालन्याला जातानाच बंद पडणारी गाडी

गाडी रोज बंद पडली असती तर मी तिला चार शिव्या घालून विकून टाकली असती. पण ती रोज बंद पडत नव्हती, हेच खरं दुखणं होतं. शाळेत जाताना नाही, बाजाराच्या गर्दीत नाही, आमच्या मंठ्याच्या भर उन्हात दिवसभर उभी करून पुन्हा चालू केली तरी नाही. बंद पडायची ती फक्त आम्ही जालन्याला निघालो की. आणि जालन्याला आम्ही काही लग्नाचा बस्ता बांधायला जात नव्हतो.

माझ्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं आणि ते मशीन जालन्यात. पोचायची वेळ ठरलेली असते. उशीर झाला की तेवढा वेळ कापला जातो, कारण पुढचा पेशंट बाहेर बाकावर बसलेलाच असतो. पूर्वी एकदा एक खेप चुकली, तर अंगातलं पाणी छातीत चढलं आणि यांना श्वास घेता येईना. तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. रोज सकाळी मी यांच्या घोट्याजवळ अंगठा दाबून सूज बघते. खड्डा लगेच भरला तर चहा गोड लागतो. तसाच राहिला तर शाळेत पोरांवर दिवसभर खेकसते.

गाडी यांनीच घेतलेली. पांढरी, पेट्रोलची, आता बरीच जुनी. मंठ्यात यांचं मोटार भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी आणून टाकायचे आणि हे त्यांत नवी तार भरून द्यायचे. दुकान जोरात चालायचं तेव्हाची ही गाडी. मी चालवायला शिकले ते आजारपण आल्यावर, तेही यांच्याकडूनच. शिकवताना ते माझ्यावर ओरडले आणि मी त्यांच्यावर, असं करत करत एकदाची शिकले. तेव्हापासून मी उजवीकडे आणि ते डावीकडे.

पहिल्यांदा ती बंद पडली वाटेतलं वाटूर गाव मागे टाकल्यावर. इंजिनाने एक उचकी दिली, आणखी एक दिली आणि गप्प झालं. दिवे चालू, हॉर्न चालू, फक्त इंजिन नाही. स्टिअरिंग एकदम जड झालं. मागून ट्रक येत होता. कशीबशी कडेला घेतली, सेल्फ मारला. सेल्फ फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही.

"उगं सेल्फ मारू नकोस, बॅटरी जाईल," हे म्हणाले. "रिले गरम झाला आसंल. जरा थंड होऊ दे."

ते उतरले आणि रस्त्याच्या कडेच्या बांधावर कडुलिंबाखाली जाऊन बसले. मी बॉनेट उघडून आत बघत राहिले. आत बघून मला काय कळणार होतं? पण बाईमाणूस बॉनेट उघडून उभी राहिली की येणारा-जाणारा थांबतो, एवढा माझा अनुभव. त्या दिवशी कुणी थांबलं नाही. मी दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, जमेल तेवढं लवकर या, नाहीतर मशीन दुसऱ्याला लावते. हे मात्र बांधावर बसून शांतपणे शेताकडे बघत होते. थोड्या वेळाने उठले, सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "आता मार बरं." मी सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली, जसं काही घडलंच नव्हतं.

मग हे दर एक-दोन खेपांना व्हायला लागलं. येताना कधीच नाही, जातानाच. निघायच्या दिवशी सकाळी चपाती लाटताना मी मनातल्या मनात रस्ता मोजायची: वाटूर आलं, वाटूर गेलं, तो लिंब आला. वाटूर मागे पडलं की माझा कान इंजिनाला चिकटायचा. हे काही बोलले तरी मी म्हणायची, "गप बसा, ऐकू द्या." पूर्ण रस्ता एक शब्द न बोलता काढला, असंही झालं.

भाड्याची गाडी करू, असं मी कितीदा म्हटलं. "आपली आसताना?" एवढंच उत्तर. एसटीत यांना बसवायची माझी हिंमत नव्हती. सुया टोचून टोचून हाताची नस फुगलेली, गर्दीत कुणाचा धक्का लागला तर काय घ्या.

मंठ्यात गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा एक माणूस आहे. शाळा सुटली की मी गाडी त्याच्या दारात नेऊन लावायला लागले. त्याने इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रिले बदलला. बॅटरीचे टर्मिनल घासले. अर्थिंगची वायर नवी टाकली. फ्यूजचा डबा उघडून एकेक फ्यूज काढून पुसला, पुन्हा बसवला. प्रत्येक वेळी गाडी फिरवून आणायचा आणि म्हणायचा, "हितं तर मस्त चालून राह्यली की, मॅडम." दवाखान्याच्या पायरीवर पोचल्याबरोबर दाढ दुखायची थांबावी, तसं माझं व्हायचं. मी खोटं बोलते आहे असं त्याला वाटत असणार, आणि एका शिक्षिकेला हे फार लागतं.

सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला होता. नणंद फोनवरून म्हणाली, गाडी बदला. शेजारीण लिंबू-मिरची घेऊन आली आणि समोर बांधा म्हणाली. आमच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून हे प्रकार बंद आहेत. मिरच्या ठेच्यात गेल्या. लिंबाचं सरबत मी एकटीने प्यायले, कारण यांना पाणीसुद्धा मोजून.

एका आठवड्यात दोन्ही खेपांना उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा दाबला तर घोट्यावरचा खड्डा भरेचना. मी तो भरायची वाट बघत पलंगाजवळ बसून राहिले. त्यांनी पाय मागे ओढून घेतला. "रोज रोज काय बघतीस," म्हणाले. मी शाळेला रजा टाकली आणि गाडी घेऊन वायरिंगवाल्याकडे गेले. त्याला म्हटलं, आज दोष सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

तो डोकं खाजवत म्हणाला, "तुम्ही एकल्या आसता तवा बंद पडत न्हाई. मी चालवतो तवा न्हाई. काका बसले की पडती. बराबर?"

"बराबर."

"मंग डाव्या बाजूला वजन पडून एखादी वायर दबत आसंल. मी चालवतो, तुम्ही काकांच्या जागी बसा. पाय आपटा, गालिचा हलवा, समोर हात घालून वायरी हलवा. सोडू नका."

आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. मी पाय आपटले. गालिच्याखालून हात फिरवला. मग समोरच्या कप्प्याच्या खाली, दाराकडच्या कोपऱ्यात, वर बोटं घातली. तिथे काहीतरी गोल, गार लागलं. दाबलं. टक. इंजिनाने एक उचकी दिली, आणखी एक दिली आणि गप्प झालं.

"हात्तिच्या!" तो माणूस आनंदाने ओरडलाच. "चोर बटन हाय की, मॅडम!"

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लोक असं बटन बसवून घेतात. ते दाबलं की पंपाला करंट जात नाही, चोर कितीही सेल्फ मारेना का. कुठे बसवलंय ते मालक कुणाला सांगत नाही, अगदी बायकोलाही नाही, हे त्याने मला हसत हसत समजावलं. "काकांनी सोताच बसवलेलं दिसतंय, जोड लई साफ हाय. इसरले आसतील. बसताना गुडघा लागत आसंल त्यांचा."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्याबरोबर हसले. गुडघा! एवढंसं कारण आणि केवढा जिवाला घोर. मग मी गुडघा वर करून बघितला. पोचेना. पुढे सरकून बघितला, तरी पोचेना. बटन वर, आत, आणि चांगलं कडक. त्याला खालून बोट घालूनच दाबावं लागत होतं.

माझं हसू तिथेच थांबलं.

"याच्या वायरी काढून डायरेक्ट जोडून द्या," मी म्हटलं. "पण बटन तिथंच राहू द्या."

"मंग ठेवायचं कशाला?"

"राहू द्या म्हटलं ना."

पुढची खेप येईपर्यंत मी घरात यांच्याशी धड बोलले नाही. भाजी वाढताना, गोळ्या देताना एकच गोष्ट डोक्यात घुमायची: या माणसाला जगायचं नाही. मी पहाटे उठते, डबा करते, मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून सुट्ट्या मिळवते, ट्रकांच्या गर्दीतून गाडी हाकते, आणि शेजारी बसलेला माणूस गुपचूप बोट घालून हे सगळं बंद करतो. राग आला होता. त्याहून जास्त भीती वाटत होती. विचारलं आणि ते "होय" म्हणाले तर मी काय करणार होते?

जायचा दिवस आला. वाटूर गेलं. मी रस्त्याकडे बघत होते, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला त्यांचा डावा हात दिसत होता, सुयांचाच हात. लिंब लांबून दिसायला लागला तसा तो हात हळूच कप्प्याखाली गेला. टक.

गाडी चालत राहिली.

पुन्हा टक. आणखी एकदा टक. लिंब मागे पडला. जन्मभर मोटारी भरलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

"कळलं वाटतं तुला," ते म्हणाले.

मग मी जी सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मागून ट्रकवर ट्रक हॉर्न देत होते आणि मी गाडी चालवत ओरडत होते. मरायचंय तर तसं सांगा, मला कशाला पळवता, माझा जीव काय वाटेवर पडलाय का, असं आणि याच्याहून वाईट. त्यांनी मला बोलू दिलं. माझा आवाज बसला तेव्हा ते बोलले.

"मरायचं न्हवतं गं मला. तिथं जायचं न्हवतं, एवढंच."

मी गाडीचा वेग कमी केला.

"तिथं गेलो की मी नुस्ता हात आसतो. हात द्या म्हणत्यात, मी देतो. कुणी तोंडाकडं बघत न्हाई. हितं बांधावर बसलो की विहिरीवरच्या मोटारी ऐकू येत्यात. जरा दुकानात गेल्यावाणी वाटतं. तेवढं झालं की मंग जायला जमतं."

"मग तसं सांगायचं! थांब म्हणायचं!"

"थांबली आसतीस?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. एक मिनिट थांबले नसते. थांबायला सांगितलं असतं तर मी घड्याळ दाखवलं असतं.

मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. लिंब मागे राहिला होता. इथे नुसती एक बाभूळ होती आणि पलीकडे मोसंबीचा मळा. "उतरा," मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "उतरा की."

आम्ही बांधावर बसलो. मळ्यात कुठेतरी मोटार चालू होती. मला ती नुसती घरघर वाटत होती. ते मान तिरकी करून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आजारपणात पाहिलेलं नव्हतं.

"बेअरिंग गेलंय हिचं," ते म्हणाले. "मालकाला पत्ता न्हाई."

मी पदराआड मनगट धरून घड्याळ बघत होते. किती मिनिटं गेली, किती कापली जाणार, सिस्टरने मशीन दुसऱ्याला लावलं तर काय, संध्याकाळी घोटा कसा असेल. त्यांना हवं ते देत होते, तरी घड्याळावरून नजर हटत नव्हती. यांनी ते पाहिलं. मोटार आणखी थोडी ऐकली आणि गुडघ्यावर हात टेकून आपले आपण उठले.

"चल," म्हणाले. "वेळ हुईल."

आजारपण सुरू झाल्यापासून "चला" हे मी म्हणायची. घरातून निघताना, गाडीतून उतरताना, त्या वॉर्डाच्या दारात, दर वेळी मीच. त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा आलं. मी स्टिअरिंगवर बसले, किल्ली हातात घेतली आणि मला रडू फुटलं. रडता रडता गाडी चालवता येत नाही. ते शेजारी बसून माझं रडणं संपायची वाट बघत राहिले. त्या दिवशी उशीर झाला तो माझ्यामुळे.