प्रयोंगदादांचा बुलबुल आणि परकी बाई

प्रयोंगदादांनी घराची किल्ली एका परक्या गोऱ्या बाईच्या हातात ठेवली, तेव्हा मी भात वाढायचीच थांबले. गिऱ्हाईक ताट पुढे करून उभं, आणि मी आपली शेजारच्या दाराकडे बघतेय. अहो, या माणसाने चाळीस वर्षांत मला, भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारणीला, पिंजऱ्यातलं पाणीसुद्धा बदलू दिलं नव्हतं.

आमच्या दक्षिण थायलंडमधल्या चना गावात रबराच्या झाडांना चिरा पाडून चीक काढण्यात दादांचा जन्म गेला. बायको वारली, लेक बँकॉकला. घरात उरले दादा आणि थोंगदी, त्यांचा शेंडीवाला बुलबुल. माणसांशी बोलताना दादांच्या तोंडातून दिवसाला चार शब्द निघायचे, पण थोंगदीला मात्र पपई भरवताना बाळा काय, राजा काय! मी म्हणायची, वहिनीला यातलं निम्मं बोलला असतात तर ती कशाला गेली असती लवकर?

दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लेक तीन वर्षं मागे लागली होती की बँकॉकला या, ऑपरेशन करून घेऊ. दादांचं एकच पालुपद, थोंगदीला कोण बघणार? माझ्याशिवाय तो गात नाही. गेल्या महिन्यात त्यांनी पपईची फोड पिंजऱ्याऐवजी स्वतःच्या चपलेत ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबलात तर उजवा डोळा गेलाच समजा.

मग लेकीनेच फोनवरून ही गेर्डाबाई शोधली. डेन्मार्कची, साठीला टेकलेली. देशोदेशी लोकांच्या घरात राहते, त्यांची जनावरं सांभाळते, आणि पगार घेत नाही म्हणे. आमची अख्खी गल्ली हबकली. फुकट? स्वतःचं घर टाकून? मी तर लेकीला फोनवर सरळ विचारलं, अगं, बाई कुठून पळून-बिळून नाही ना आली? ती नुसती हसली.

तीन दिवस दादांनी गेर्डाबाईला शिकवलं. पपई किती, केळं किती, नाकतोडे कधी, उन्हात किती वेळ ठेवायचं. भाषेची बोंब, त्यामुळे सगळं हातवारे करून.

चौथ्या दिवशी सकाळी दादा निघणार होते. बघते तर दादा नेहमीसारखे बाहेर पडले. तीच चौकड्यांची लुंगी, तोच विटका निळा शर्ट, डोक्यावर गवती टोपी, हातात पिंजरा. मी हाक मारली, दादा, आज प्रवास ना? टोपी वळली आणि खाली गेर्डाबाईचं तोंड. माझ्या हातातून चमचा पडला.

आता, नवे कपडे दिसले की बुलबुल बुजतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण म्हणून बाईला आपली लुंगी नेसवायची?

माझ्या चुलीसमोरच्या कॉफीच्या दुकानात रोज सकाळी गावातले पुरुष आपापले बुलबुल टांगून त्यांचं गाणं ऐकत बसतात. गेर्डाबाई तशीच तिथे गेली आणि दांडीला पिंजरा टांगून बसली. तिथे मी कधी बाई बसलेली पाहिली नव्हती. मागोमाग दादा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांनी लेकीला बजावलं होतं, या बाईच्या हाताखाली थोंगदी गायला तरच बँकॉकच्या व्हॅनमध्ये बसेन.

थोंगदी गप्प. व्हॅन आली, तरी गप्प. दादा म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि मी पाहिलं, चेहरा कसा हलका झाला होता त्यांचा.

"अहो, त्याच्यासमोर परका माणूस तुम्हीच दिसताय या शर्टात," मी म्हटलं, आणि दंडाला धरून त्यांना माझ्या चुलीमागे आणलं.

गेर्डाबाईने दादांसारख्याच चुटक्या वाजवल्या. आणि थोंगदीने जी तान घेतली! एकदा, दोनदा, थांबेचना. बाकीचे बुलबुल चूप. लोकांनी कप खाली ठेवले.

दादा मटकन स्टुलावर बसले. मी टोमणा मारायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हळूच विचारलं,

"लामाई, डोळा उघडा ठेवूनच कापतात का गं?"

म्हणजे तीन वर्षं हे होतं पोटात, आणि मी त्या पाखराच्या नावाने बोटं मोडत होते. माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. गावभर मिरवले मी, त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही म्हणून.

"उघडाच असतो," मी खरं ते सांगितलं. "बधिर करतात, दुखत नाही. नुसता उजेड दिसतो. पण मी घाबरले होते दादा. नर्सचा हात सोडत नव्हते."

"तू?"

"मी."

व्हॅनवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला. दादांनी पिशवी उचलली आणि थोंगदीकडे न बघता गाडीत चढले. खिडकीतून मला जवळ बोलावून म्हणाले, "लेकीला सांगू नकोस हं."

लेकीला नाही सांगितलं. तुम्हालाच सांगतेय.