हवाईला पाठवलेला मित्र

प्यो जोंग-गूने आयुष्यात परदेश पाहिला तो फक्त टीव्हीवर. दक्षिण कोरियातल्या चांगवॉनच्या कारखान्यात जहाजांचे व्हॉल्व्ह बनायचे, ते जगभर हिंडायचे. आणि प्यो ते खोक्यांत बंद करून पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसायचा. खुर्ची खात्याच्या उपप्रमुखाची. प्रमुखाची खुर्ची शेजारीच होती, पण मध्ये कंपनीने इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची पाचर मारून ठेवली होती.

आता कंपनीत इंग्रजी बोलायची वेळ कुणावर यायची, असं विचाराल तर कुणावरच नाही. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं संगणक वाचायचा आणि उत्तरंही तोच द्यायचा. तरी प्रमुखाला फाडफाड इंग्रजी आलंच पाहिजे, असं वरच्या मजल्यावर ठरलं होतं. वरच्या मजल्यावर ठरलेल्या गोष्टीचं कारण विचारायचं नसतं, एवढं शहाणपण प्योला बावन्नाव्या वर्षापर्यंत आलेलं होतं. त्याने मुकाट्याने परीक्षा दिली आणि आपटला. पुन्हा दिली, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा तर यंत्राने त्याला नाव विचारलं आणि त्याने ‘थँक यू’ म्हणून सांगितलं.

मग ह्ये-रानने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला शिकवणीला घातलं.

शिकवणाऱ्या यून-सोलबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी गुपित फोडलं.

“प्योसाहेब, इंग्रजी शिकायला वेळ नाहीये आपल्याकडे. पाठ करायचं. प्रश्न ठरलेले असतात. मित्र सहलीला निघालाय, त्याला सल्ला द्या. हा तर हमखास येतो.”

“मित्र कुठे निघालाय?”

“हवाईला.”

“हवाईलाच का?”

“सगळ्यांचे मित्र हवाईलाच जातात.”

“आणि मी तर गेलोच नाही तिकडे.”

“म्हणून तर सल्ला द्यायचा!” बाई म्हणाल्या. “खरं-खोटं कोण बघतंय? भावना बघतात. तोंडावर जरा आनंद आणा. असा नाही, साहेब, दात दुखतायत असं वाटतंय.”

तो सल्ला असा होता: मित्रा, तू गेलंच पाहिजेस. तिथला समुद्र निळाशार आहे. आरामशीर बूट घाल. छत्री ने. तिथलं जेवण चाखून बघ. तू फार कष्ट केलेस, आता तू विसावा घ्यायला हवास. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘यू शुड’. हा सल्ला हवाईला चालायचा, पॅरिसला चालायचा, झालंच तर स्मशानातही चालला असता. नुसती छत्री वगळायची.

पाठांतर ऐकवायला समोर माणूस हवा. ह्ये-रानने दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी कानात कापूस घातला. तेव्हा प्यो हाम दोक-सूकडे गेला.

हाम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मासानच्या बंदराजवळ त्याची खानावळ होती, आणि तिथे एकच पदार्थ मिळायचा: आगू माशाचा तिखटजाळ रस्सा. हा मासा दिसायला असा, की जुने कोळी तो जाळ्यात आला की परत पाण्यात फेकायचे. हामने तोच कापण्यात जन्म घालवला. आई गेली तेव्हा खानावळ तीन दिवस बंद होती. एरवी कुलूप कसं असतं हे दाराला माहीत नव्हतं. बायको माल-सून गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाईक असो की नवरा, दोघांना एकाच आवाजात बोलायची.

कामावरून सुटला की प्यो तिथे जाऊन बसायचा. हाम मासा कापायचा आणि प्यो भिंतीकडे बघत त्याला सल्ला द्यायचा. “यू शुड गो टू हवाई!”

“काय म्हणतोस?” हाम विचारायचा.

“हवाईला जा म्हणतोय.”

“बरं. आणि?”

“समुद्र निळाशार आहे. तू फार कष्ट केलेस, आता विसावा घे.”

“असं म्हणतोस?” हाम सुरी थांबवून म्हणायचा.

“मी कुठे म्हणतोय? बाईंनी लिहून दिलंय.”

असं दोन महिने चाललं. बरं, समोरच्याचं तोंड बघून बोलायचं असतं हे प्योला कुणी शिकवलंच नव्हतं. परीक्षेत तोंडच नसतं, पडदा असतो. म्हणून हामच्या चेहऱ्यात काय फरक पडत चाललाय ते त्याला दिसलं नाही. एकदा हामने सहज विचारलं, “जोंग-गू, तिथे गुडघ्याला बरं वाटत असेल का रे? उबदार हवेत?”

“मध्ये बोलू नकोस, माझं वाक्य चुकतं,” प्यो म्हणाला.

परीक्षा रविवारी होती. सकाळी प्यो बुटाची नाडी बांधत होता, तोच फोन वाजला. माल-सून.

“भावोजी! काय सांगितलंत हो तुम्ही यांना?”

“मी? काय झालं?”

“काय झालं म्हणून मलाच विचारताय? हवाईला गेलाय तुमचा दोस्त! विमानात बसल्यावर फोन केला मेल्याने. मला म्हणतो, जोंग-गू रोज सांगतो, जा म्हणून. किती दिवस त्याचा शब्द मोडू?”

“अहो वहिनी, ते इंग्रजी होतं...”

“इंग्रजीत सांगा नाहीतर कुत्र्याच्या भाषेत सांगा! इथे दोन टोपल्या आगू येऊन पडलाय, तो कोण कापणार? तुम्ही?”

प्यो परीक्षेच्या जागी पोचला तो कानात वहिनी घेऊनच. खोलीत पंधरा-वीस माणसं कानांवर हेडफोन चढवून पडद्यांसमोर बसली होती. इशारा झाला आणि सगळी एकदम बोलायला लागली. डावीकडचा मित्राला हवाईला पाठवत होता. उजवीकडची मैत्रिणीला हवाईला पाठवत होती. मागे कुणीतरी छत्री न्यायला सांगत होतं. त्या सकाळी त्या एका खोलीतून एवढी माणसं हवाईला निघाली होती, की बेट बुडालं असतं.

आणि प्योच्या पडद्यावर प्रश्न आला: तुमचा मित्र एका बेटावर सहलीला गेला आहे. त्याला सल्ला द्या.

पाठ केलेलं होतं ते ‘जाणार आहे’चं. हा तर गेला होता! प्योचं तोंड उघडं राहिलं. मग त्या उघड्या तोंडातून जे बाहेर पडलं ते यून-सोलबाईंनी लिहून दिलेलं नव्हतं.

“यू शुड कम बॅक!” तो ओरडला. “आत्ताच्या आत्ता! तुझी बायको मला फोन करते. माझ्यावर ओरडते! मासा कोण कापणार? मी? मला कापता येत नाही. तू समुद्रात जाऊ नकोस, तुला पोहता येत नाही. बंदरावर जन्मलास आणि पोहता येत नाही, लाज वाटली पाहिजे! यू शुड नॉट कॅरी हेवी बॅग, तुझा गुडघा वाईट आहे. तू मला विचारलंस, मी ऐकलं नाही. आय वॉज बिझी. मी तुलाच सल्ला देत होतो आणि मीच ऐकलं नाही.”

इंग्रजी व्याकरणाचे हातपाय मोडले होते, पण ते लंगडत का होईना, धावत होतं. वेळ संपत आला तेव्हा प्यो हळू आवाजात म्हणाला, “एकटा का गेलास? मला बोलवायचं होतंस.” आणि पडदा काळा झाला.

बाहेर येऊन तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. परीक्षा गेली यात त्याला शंका नव्हती. मग तो बस पकडून मासानला गेला, अंगात रबरी झगा चढवला आणि माल-सूनच्या शिव्या खात आगू कापायला बसला. बोटं कापली, मासा नाही.

“असं काय सांगितलं होतंत तरी?” भांडी घासता घासता तिने विचारलं. “मला सांगा. आपल्या भाषेत सांगा.”

प्योने सांगितलं. समुद्र निळाशार आहे. आरामशीर बूट घाल. तू फार कष्ट केलेस, आता विसावा घ्यायला हवास.

माल-सूनने नळ बंद केला. म्हणाली, “मला कुणी कधी असं म्हणालं नाही.”

प्योने टोपलीतला पुढचा मासा ओढला.

हाम आठवड्याने परतला. नाकाची सालं निघालेली, गुडघा होता तसाच. माल-सूनने दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातात सुरी दिली. कसं होतं, असं तिने विचारलं नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर हामने आपणहून सांगितलं: समुद्र मासानसारखाच, फक्त माशाचा वास नाही, आणि एवढ्या निळ्या पाण्यासमोर एकट्याने बसलं की करायचं काय तेच कळत नाही. “पुढच्या वर्षी दोघं जाऊ,” ती म्हणाली, म्हणजे त्याच नेहमीच्या आवाजात खेकसली. हामने मान डोलावली.

परीक्षेचा निकाल लागला आणि प्योला इतकी वरची श्रेणी मिळाली, की कारखान्यातल्या कुणालाही तोपर्यंत मिळाली नव्हती. यून-सोलबाईंनी त्याचा फोटो शिकवणीच्या दारावर लावला. खाली लिहिलं: ‘आमची पद्धत’.

प्रमुखाच्या खुर्चीची उशी प्योने स्वतःच्या हाताने झटकून ठेवली. तेवढ्यात कर्मचारी खात्याचे मेंगसाहेब हसत हसत आले.

“प्योसाहेब, एवढं इंग्रजी येणारा माणूस चांगवॉनला ठेवणं म्हणजे पाप आहे. प्रमुखपद तुमचंच, फक्त खुर्ची पोलंडला. तिथला कारखाना तुम्ही बघायचा. दोन वर्षं.”

प्योने खरं ते सांगायचं ठरवलं.

“साहेब, मला इंग्रजी येत नाही. त्या दिवशी मी मित्रावर रागावलो होतो. नुसती बोलणी खाऊ घातली त्याला. तेवढंच जमतं मला.”

“नुसती बोलणी?” मेंगसाहेबांचे डोळे चमकले. “अहो, मग तर तुम्हीच हवेत! तिथले ठेकेदार सहा महिने माल देत नाहीयेत. आम्ही इतका गोड बोलणारा माणूस पाठवला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही.”

तर अशा रीतीने प्यो पोलंडला गेला. तिथल्या ठेकेदारांना इंग्रजी प्योइतकंच येत होतं, त्यामुळे भांडण बरोबरीचं व्हायचं, आणि दर भांडणानंतर थोडा माल यायचा. त्याच वर्षी वरच्या मजल्याने परीक्षेची अट काढून टाकली. तिथे आलेल्या नव्या साहेबांना तिचा उपयोग दिसत नव्हता म्हणे. ह्ये-रानने ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा प्यो बर्फात पाय रोवून एका ट्रकवाल्यावर ओरडत होता. “नंतर बोलू,” तो म्हणाला, “आत्ता मी कामात आहे.” आवाजावरून माणूस सुखात असल्यासारखा वाटला, असं तिने शेजारणीला सांगितलं.